गुरुजी, बाई, हे स्टेटसला ठेवू नका

निफाड तालुक्यातल्या सगळ्या शिक्षक बंधू-भगिनींना हे सांगणं आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या, संस्थेच्या हायस्कुलातल्या, इंग्लिश मीडियमच्या, आणि संध्याकाळी क्लास घेणाऱ्यांनाही. पालकांनीही वाचावं. त्यांच्यासाठी शेवटी चार शब्द आहेत.

विषय रोजचा आहे. वर्गातल्या एखाद्या पोरानं दिवसभर डोकं उठवलेलं असतं. घरी येऊन तुम्ही मोबाइल हातात घेता. स्टेटसला दोन ओळी टाकता. ‘आजकालच्या पोरांना वळणच नाही.’ ‘असले नग नेमके माझ्याच वर्गात कसे येतात?’ कधी उत्तरपत्रिकेचा फोटो असतो आणि वर हसून लोळणारे चेहरे. कधी बाकावर पेंगणाऱ्या मुलाचा व्हिडिओ असतो आणि त्याला एखादं विनोदी गाणं जोडलेलं असतं.

पाच मिनिटांत सहकाऱ्यांचे अंगठे येतात. ‘अगदी खरं, सर.’ ‘आमच्याकडेही असाच एक आहे, मॅडम.’ मन हलकं होतं. तुम्ही जेवता, झोपता.

त्या मुलाची मात्र दुसऱ्या दिवसाची शाळा तिथेच बिघडलेली असते. तुम्हाला ते कळतही नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. मुलाबद्दलची तक्रार जरूर करा, पण जो काही करू शकेल त्याच्याच कानावर घाला. नुसत्या बघणाऱ्यांपुढे मांडू नका.

तुमचा राग खोटा नाही

आधी हे मान्य करू. शिक्षकाचं काम आज सोपं राहिलेलं नाही.

एका वर्गात तीन तऱ्हेची मुलं. एकाला वाचता येतं, दुसरा अक्षरं जुळवतोय, तिसरा आठवड्यातून दोनच दिवस येतो. त्यात पोषण आहाराची माहिती भरा, ऑनलाइन नोंदी करा, ग्रुपवर फोटो टाका. शिक्षण हक्क कायद्यानं शिकवण्याबाहेरची तीनच कामं शिक्षकांना देता येतात: जनगणना, आपत्ती आणि निवडणूक. प्रत्यक्षात किती कामं अंगावर पडतात, ते तुम्हाला सांगायला नको.

मुलाला रागावलं तर पालक येतात. नाही रागावलं तर साहेब विचारतात, शिस्त कुठे आहे? तुमचं ऐकून घ्यायला कोणाला वेळ नाही. म्हणून माणूस मोबाइलकडे वळतो. यात तुमचा स्वभाव वाईट आहे असं मी म्हणणार नाही. मन मोकळं करायला जागा नसली की माणूस मिळेल तिथे बोलतो.

पण ही जागा चुकीची आहे.

निफाडला नाव सांगावं लागत नाही

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे नाव लिहितो?

समजा, तुम्ही लिहिलं, ‘सातवीतले आमचे एक महाशय आज पुन्हा पहिल्याच तासाला घोरत होते.’ नाव नाही, फोटो नाही. पण तुमची शाळा कोणती, हे गावाला माहीत आहे. सातवीची तुकडी एकच आहे. तुमच्या मोबाइलात किराणा दुकानदाराचा नंबर आहे, दूधवाल्याचा आहे, त्या मुलाच्या मामाचाही आहे. रात्री दहापर्यंत वस्तीवर कळलेलं असतं. सकाळी मधल्या सुट्टीत पोरं त्याला ‘घोरपड्या’ म्हणायला लागतात. ते नाव त्याला दहावीपर्यंत चिकटतं.

शहरात माणूस गर्दीत हरवतो. उगाव, शिवडी, नैताळे, कोठुरे, सायखेडा अशा गावांत तशी सोय नाही. इथे शाळेतलं बोलणं बाजारात जातं, आणि बाजारातलं घरात.

तो का झोपला, हेही बघा. जानेवारीत निफाडचा पारा राज्यात तळाला जातो. कडाका वाढला की द्राक्षाचे मणी तडकतील म्हणून लोक पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. घरात मोठी माणसं कमी असली की पोरगा उठतो. ओळीओळीतून भुसा आणि काटक्या टाकत फिरतो. धूर नाकातोंडात जातो. साडेसहाला घरी येतो, तोंडावर पाणी मारतो आणि शाळेत येतो. कधी शेतीची वीज रात्रीची असते. मग बापाबरोबर पाणी भरायला तोच जातो.

तुमच्या पहिल्या तासाला तो झोपला, हे खरं. ते चुकीचंही आहे. पण ‘घोरत होते’ एवढं वाचणाऱ्याला त्या शेकोट्या दिसत नाहीत. तुम्हाला मात्र त्या विचारता येतात. विचारल्या तर दिसतात.

ज्यांच्यावर जास्त हसलं जातं ती मुलं

थोडं मागे जाऊन बघा. शिक्षकांच्या थट्टेत कोणती मुलं जास्त येतात?

एक, कामाच्या हंगामात येणारी. द्राक्षाच्या कामासाठी पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या आपल्या तालुक्यात येतात. त्यांच्याबरोबर मुलं येतात. त्यांची घरची बोली वेगळी. वर्गात ती गप्प बसतात. आपण म्हणतो, ‘विचारलं तर तोंड उघडत नाही, उद्धट आहे.’ तो उद्धटपणा नसतो. बोललो तर हसतील, ही भीती असते.

दोन, ज्यांना नीट दिसत नाही किंवा ऐकू येत नाही. फळ्यावरचं वाचता आलं नाही की मूल शेजाऱ्याच्या वहीत डोकावतं. आपल्याला ती कॉपी वाटते.

तीन, ज्यांना अक्षरं उलटी-सुलटी दिसतात, आकडे जागा बदलतात. ‘तारे जमीन पर’ २००७ मध्ये आला. आपण सगळ्यांनी तो पाहिला आणि रडलो. तरीही शुद्धलेखनाच्या चुकांचे फोटो अजून ग्रुपवर फिरतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशी अध्ययन अक्षमता २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत धरलेली आहे. अशा मुलाला बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात. त्यासाठी आधी कोणीतरी ओळखावं लागतं. ते कोणीतरी बहुतेक वेळा वर्गशिक्षकच असतो.

चार, ज्यांच्या घरात दारू, मारहाण किंवा कर्ज आहे. ती मुलं घरात गप्प राहतात आणि वर्गात फुटतात.

यातल्या एकाही मुलाला तुमच्या स्टेटसचा उपयोग नाही. तुमच्या चौकशीचा आहे.

पुढे काय होतं, ते बघा

मूल हिरमुसलं की पहिल्यांदा दप्तर घरी राहतं. मग पोट दुखतं. मग दोन दिवस दांडी. मग बाप म्हणतो, ‘नाही जात तर राहू दे, चल मळ्यात.’

आपल्या तालुक्यात पोराला काम शोधावं लागत नाही. विरळणी आहे, डिपिंग आहे, क्रेट भरणं आहे, कांद्याचं खळं आहे. तेरा-चौदा वर्षांच्या हाताला लगेच काम मिळतं, आणि शाळेत परत यायचा रस्ता बंद होतो. मुलगी असेल तर आणखी घाई होते. ‘शाळेत नाव खराब झालं’ एवढं निमित्त लग्न उरकायला पुरतं.

एका स्टेटसनं हे सगळं होतं असं मी म्हणत नाही. पण जे मूल आधीच काठावर उभं आहे, त्याला तेवढा धक्का पुरतो.

तुमच्याही पदरात काही पडतं. आजवर दार उघडून चहा विचारणारं घर तोंड फिरवतं. पुढच्या वेळी त्याच आईला तुम्ही बोलावता, आणि ती येत नाही. बाकीची मुलंही बघत असतात. आज त्याच्यावर लिहिलं, उद्या आपल्यावर लिहितील, हे त्यांना कळतं. मग ती तुम्हाला खरं सांगत नाहीत.

दोन घटना

अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया राज्यात डॉइल्सटाउन गावाजवळ नॅटली मन्रो नावाच्या इंग्रजीच्या शिक्षिका होत्या. त्या इंटरनेटवर स्वतःच्या पानावर विद्यार्थ्यांबद्दल कडवट लिहायच्या. मुलांची नावं नसायची. शाळेचं नाव नसायचं. वाचणारे अगदी मोजके. २०११ मध्ये ते लिखाण विद्यार्थ्यांच्या हाती लागलं आणि गावभर झालं. बाईंना घरी बसवलं गेलं. पुढच्या वर्षी नोकरी गेली. बोलण्याच्या स्वातंत्र्याचा मुद्दा घेऊन त्या कोर्टात गेल्या. २०१५ मध्ये अपील कोर्टानंही त्यांच्या विरोधात निकाल दिला. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं, की या लिखाणानं मुलांचा आणि पालकांचा विश्वास गेला, आणि त्या विश्वासाशिवाय शिकवणं चालत नाही.

दुसरी घटना आपल्या देशातली. ऑगस्ट २०२३, उत्तर प्रदेशातलं मुझफ्फरनगर. एका शिक्षिकेनं वर्गातल्या मुलांना एका लहान मुलाच्या थोबाडीत मारायला लावलं. त्याचा व्हिडिओ देशभर पसरला. लोक चिडले, आणि चिडून तोच व्हिडिओ पुढे पाठवत राहिले. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला होता. पण त्या लेकराचा रडवेला चेहरा लाखो मोबाइलांत गेला. मुलाची ओळख उघड केली म्हणून व्हिडिओ टाकणाऱ्या एका पत्रकारावरही गुन्हा नोंदला गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्या मुलाला आणि त्याच्या वर्गमित्रांना समुपदेशन द्या, असं न्यायालयानं सांगितलं. ते कसं द्यायचं हे सुचवायला मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेला नेमलं.

पहिल्या घटनेतून हे घ्या, की नाव न लिहिल्यानं सुटका होत नाही. दुसरीतून हे घ्या, की चांगल्या हेतूनं पाठवलं तरी मुलाचा चेहरा परत घेता येत नाही.

कायदा थोडक्यात

घाबरवायला सांगत नाही. माहीत असावं म्हणून सांगतो.

शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७. मुलाला मारायचं नाही, आणि मानसिक त्रासही द्यायचा नाही. चारचौघांत केलेली नालस्ती या दुसऱ्या भागात बसू शकते.

बाल न्याय कायदा २०१५, कलम ७४. मूल पोलीस प्रकरणात अडकलं असेल, अत्याचाराला बळी पडलं असेल, साक्षीदार असेल किंवा निराधार असेल, तर त्याचं नाव, पत्ता, शाळा, फोटो उघड करायचा नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

दिव्यांग मुलाचा हेतुपुरस्सर चारचौघांत अपमान केला तर २०१६ च्या कायद्यात सहा महिने ते पाच वर्षे शिक्षा आहे. दलित आणि आदिवासी मुलांच्या बाबतीत १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे.

नोकरीचे नियम वेगळेच. राज्य सरकारनं २८ जुलै २०२५ ला समाजमाध्यमांबद्दल शासन निर्णय काढला. तो सरकारी कर्मचाऱ्यांना आहे, तसाच स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कर्मचाऱ्यांनाही आहे. म्हणजे जिल्हा परिषदेचे शिक्षक त्यात आले. आक्षेपार्ह, मानहानीकारक किंवा भेदभाव करणारा मजकूर टाकायचा नाही, आणि खासगी व कामाचं खातं वेगळं ठेवायचं, असं त्यात सांगितलं आहे. मोडलं तर शिस्तभंगाची कारवाई होते. खासगी संस्थांच्या शाळांना १९८१ ची सेवाशर्तींची नियमावली आहे.

‘ते माझं वैयक्तिक खातं होतं, साहेब’ हे उत्तर आता पुरत नाही.

शिक्षेलाही शेवटची तारीख असते

आपल्याच मातीतलं एक उदाहरण. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८४२ साली निफाडचा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकताना त्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याची इंग्रजांच्या राज्याशी तुलना केली, आणि इंग्रजांना कमी लेखलं. प्राचार्य अलेक्झांडर ग्रँट चिडले. चरित्रकार सांगतात, की त्यांनी रानड्यांना खडसावलं आणि सहा महिने शिष्यवृत्ती बंद ठेवली.

म्हणजे एका शिक्षकाच्या लेखी निफाडचे रानडेही एकदा ‘डोकेदुखी’ होते.

शिक्षा बरोबर होती असं मी म्हणणार नाही. पण तिची रीत बघा. जे बोलायचं ते विद्यार्थ्याला बोलले. शिक्षा सहा महिन्यांची होती, सातव्या महिन्यात ती संपली. तोच विद्यार्थी १८९३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती झाला.

मोबाइलवर टाकलेल्या शब्दांना अशी शेवटची तारीख नसते. तुम्ही चोवीस तासांनी विसरता. कोणीतरी स्क्रीनशॉट काढून ठेवलेला असतो. पोरगा विसाव्या वर्षी नोकरीला उभा राहतो, किंवा त्याचं लग्न ठरत असतं, आणि कुणाच्या तरी मोबाइलातून ते वर येतं.

मग करायचं काय?

एकेक सांगतो. सगळं एकदम जमणार नाही. एकापासून सुरुवात करा.

पहिलं, लिहा, पण वहीत लिहा. राग पोटात ठेवू नका. घरी एक साधी वही करा. आज काय झालं, कोणत्या तासाला, त्याआधी काय घडलं, तुम्ही काय केलं. महिन्याभरानं चाळलीत तर काहीतरी सापडेल. हा मुलगा सोमवारीच बिघडतो. ही मुलगी जेवणानंतर शांत असते. पुढच्या उपायाचा धागा त्या वहीत मिळतो. ती वही कुलपात ठेवा.

साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. तिथल्या वसतिगृहात ते ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. रोज लिहीत. मुलांत राहून, मुलांसाठी लिहीत, आणि वाचणारी मुलंही तिथलीच. लिहिण्यातला हा फरक ध्यानात ठेवा.

दुसरं, चार प्रश्न विचारा. मुलाला बाजूला घ्या, वर्गासमोर नको. रात्री किती वाजता झोपलास? सकाळी काय खाल्लंस? फळ्यावरचं मागच्या बाकावरून दिसतं का? घरी कोण कोण आहे? निम्म्या वेळा उत्तर इथेच मिळतं.

तिसरं, तपासणी करून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं आरोग्य पथक शाळेत येतं. त्या दिवशी तुमच्या ‘डोकेदुखी’ मुलाला मुद्दाम पुढे करा. डोळे, कान, दात, वाढ, सगळं बघायला सांगा. लिहिण्या-वाचण्याची अडचण दिसली तर गट साधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना कळवा. पालकांना ‘मुलात दोष आहे’ असं सांगू नका. ‘मदत मिळते, घेऊया’ असं सांगा.

चौथं, घरी जा. मळ्यावर, वस्तीवर, टोळीच्या पालावर. संध्याकाळी जा, कामाच्या वेळी नको. आधी मुलाची एक चांगली गोष्ट सांगा. खरी सांगा. मग अडचण सांगा. शेवटी विचारा, ‘आपण दोघांनी मिळून काय करूया?’ बाप तुटक बोलला तरी दुसऱ्यांदा जा.

मूल हंगामापुरतं आलं असेल तर जाताना शिक्षण हमी पत्रक द्या. पुढच्या शाळेत बसायला त्याला अडचण पडणार नाही.

पाचवं, शाळेत बोला. मुख्याध्यापकांना तोंडी सांगा. प्रकार पुन्हा पुन्हा होत असेल तर लेखी द्या आणि पोच घ्या. केंद्राच्या शिक्षण परिषदेत मांडा, पण नाव न घेता. ‘माझ्या वर्गात अशी अडचण आहे, तुम्ही काय केलं असतं?’ असं विचारा. तिथे वीस-पंचवीस वर्षं शिकवलेली माणसं बसलेली असतात. त्यांच्याकडे उपाय असतात. कोणी विचारत नाही म्हणून ते सांगत नाहीत.

सहावं, व्यवस्थेची तक्रार व्यवस्थेकडे करा, आणि ठणकावून करा. वर्ग मोठा आहे, शिक्षक कमी आहेत, नको ती कामं अंगावर आहेत. हे संघटनेमार्फत निवेदन देऊन मांडा. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. लोकप्रतिनिधींकडे जा. चार शाळांनी मिळून जा. मोठ्या माणसांचं अपयश लहान पोरावर काढू नका.

सातवं, गंभीर प्रकार असेल तर हातचं राखू नका. मुलानं मारामारी केली, धमकी दिली, हत्यार आणलं, तर त्याच दिवशी मुख्याध्यापक आणि पालक यांना कळवा. मुलावर लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर पोक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. मुलांच्या मदतीचा क्रमांक १०९८ आहे. अशा वेळी ग्रुपवर एक अक्षरही टाकू नका.

आठवं, स्वतःला सांभाळा. झोप उडाली असेल, शाळेत जायच्या विचारानं छातीत धडधडत असेल, तर १४४१६ वर फोन करा. ही टेलिमानसची सरकारी सेवा आहे. मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. शिक्षकानं मदत मागण्यात कमीपणा नाही.

ग्रुपवरही जपून

स्टेटस सोडा, वर्गाच्या पालक ग्रुपवरही हे होतं.

‘खालील विद्यार्थी अप्रगत आहेत’ अशी यादी टाकू नका. फी राहिलेल्यांची टाकू नका. गैरहजर मुलांची रोज नावं टाकू नका. चाळीस घरांना एका घराची अडचण कळवायचं कारण नाही. त्या एका घराला फोन करा. दोन मिनिटं लागतात.

उत्तरपत्रिकेतली गमतीची उत्तरं टाकू नका. ‘सर, पास करा, घरची परिस्थिती बिकट आहे’ असं लिहिणारं पोर तुम्हाला विनोदी वाटतं. त्याची परिस्थिती खरंच बिकट असेल तर? बोर्डाची उत्तरपत्रिका तर गोपनीय आहे. तिचा फोटोसुद्धा काढायचा नाही.

कौतुकाचा व्हिडिओ असला तरी पालकांना आधी विचारा. सगळ्याच घरांना मुलीचा नाच गावाच्या मोबाइलात गेलेला आवडत नाही. एखाद्या आईनं नवऱ्याच्या त्रासातून सुटून आपल्या तालुक्यात आसरा घेतलेला असतो. मुलाचा फोटो बघून तिचा पत्ता लागू शकतो.

काही टाकण्याआधी एवढंच मनात आणा. उद्या बाजारात भाजी घेताना या मुलाची आई समोर आली, तर हेच वाक्य तिच्या तोंडावर बोलाल का? बोलाल, तर टाकू नका, तिच्याशीच बोला. नाही बोलणार, तर टाकूच नका.

आधीच टाकलं असेल तर

काढून टाका. आजच. ज्या ग्रुपवर गेलं तिथे लिहा, ‘मी तो मजकूर काढला आहे, कृपया पुढे पाठवू नका.’ मुलाचं नाव पुन्हा घेऊ नका.

मग मुलाला भेटा. ‘मी ते लिहायला नको होतं’ एवढं त्याला सांगा. पालकांना घरी जाऊन सांगा. मुख्याध्यापकांना स्वतःहून कळवा, दुसऱ्याकडून कळायची वाट बघू नका. माफीचा व्हिडिओ करू नका. त्यानं विझलेलं पुन्हा पेटतं.

पोरं मोठ्या मनाची असतात. शिक्षकानं सरळ माफी मागितली की बहुतेक जण विसरतात. कधी कधी तिथूनच ती तुमची होतात.

मुख्याध्यापक आणि संस्थाचालकांना

शिक्षकाला नोटीस देणं सोपं आहे. पण शाळेत बोलायला जागा नसेल तर नोटिशीनं काही होणार नाही. आठवड्यातून अर्धा तास ठेवा. त्यात माहिती भरायची नाही, फोटो काढायचे नाहीत. कोणत्या वर्गात कोणतं मूल अडलंय, एवढंच बोलायचं. नवीन लागलेल्या शिक्षकाला सगळ्यात अवघड वर्ग देऊन मोकळे होऊ नका. एखादा जुना माणूस त्याच्या पाठीशी द्या.

पालकांनो, तुम्हालाही

बाई वर्गात ओरडल्या म्हणून त्यांचा व्हिडिओ करून फिरवू नका. मुलाला दप्तरात मोबाइल देऊन ‘सर काय बोलतात ते रेकॉर्ड कर’ असं सांगू नका. तुम्हाला जो न्याय हवा, तोच शिक्षकाला द्या.

तक्रार असेल तर आधी वर्गशिक्षकांना भेटा. मग मुख्याध्यापकांना. मग शाळा व्यवस्थापन समितीकडे जा. कायद्यानं त्या समितीत चारात तीन सदस्य पालकच असतात. समितीत कोण आहे, हे विचारून ठेवा.

हंगामात मुलाला रात्री कामाला लावलं असेल तर शिक्षकांना सांगा. लाजू नका. ‘काल रात्री बागेत होता’ एवढी चिठ्ठी दिली तरी गुरुजी समजून घेतील. आणि होईल तेवढं ते काम मुलाकडून काढून घ्या.

आज रात्रीचं काम

आता एक गोष्ट करा. मोबाइल उघडा. जुने स्टेटस, पोस्टी, व्हिडिओ एकदा चाळा. ज्यात एखादं मूल ओळखू येतं आणि हसण्यावारी गेलंय, ते पुसून टाका. दहा मिनिटांचं काम आहे.

उद्या शाळेत गेल्यावर सहकाऱ्यांना विचारा, ‘आपल्यात या विषयावर एक ठरवून घेऊया का?’ तीन गोष्टी कागदावर लिहा. मुलांबद्दल बाहेर काही टाकायचं नाही. अडचण आली की आधी एकमेकांना सांगायची. फोटो टाकताना पालकांना विचारायचं. सगळ्यांनी सही करा आणि कागद स्टाफरूममध्ये लावा.

मग ज्या मुलाबद्दल सगळ्यात जास्त लिहावंसं वाटतं, त्याच्या घरी या आठवड्यात एकदा जाऊन या.